सहा दहाची मेल

तारीख ३ जून. रक्कम दोन हजार तीनशे नव्याण्णव रुपये, मोबाइलवरून भरलेली, एका वर्षासाठी. हजर — मी एकटा. बायको सुनंदा खालच्या मजल्यावर डोहाळजेवणाला गेली होती आणि मुलगी ऋतुजा क्लासवर शिकवायला. घरात कुणी नसताना केलेला व्यवहार होता हे आधीच सांगून टाकतो. पुढे सांगायची हिंमत होईल न होईल.

मी सातपूरला एका इंजिनिअरिंग कारखान्यात स्टोअर्सला आहे. एकतीस वर्षं झाली. बोल्ट, बेअरिंग, ऑइल सील — आले किती, गेले किती, शिल्लक किती. कार्डावर एक आकडा आणि मांडणीवर दुसरा निघाला की मला जेवण जात नाही. भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता, आणि आजही आहे असं म्हणवत नाही. अशा सदरांतले अनुभव मी वाचायचो ते चुका काढायला. वर अमावास्या लिहितात आणि चार ओळींनी अंगणात चांदणं पडलेलं असतं. तेव्हा तुम्हीही माझ्या लिखाणात चुका काढा. कुणी एक जरी काढून दिली तरी माझ्यावर उपकार होतील.

आम्ही मूळचे सायखेड्याचे. थोरले भाऊ तिकडे शेती बघतात. मी नोकरीमुळे नाशकात, गंगापूर रोडला आतल्या बाजूच्या एका सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर. ऋतुजा एकुलती एक. वय तेवीस, वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. झालेली, अकरावी-बारावीच्या मुलांना क्लासमध्ये बायोलॉजी शिकवते. म्हणजे तेव्हा शिकवायची. मे महिन्यापासून ती सारखी लॅपटॉप उघडून बसायची आणि मी खोलीत शिरलो की झाकण खाली. विचारलं तर म्हणायची, "काही नाही पप्पा, नोट्स काढतेय."

मला ते पटलं नाही. तेवीस वर्षांच्या मुलीच्या बापाच्या मनात जे येतं तेच माझ्या मनात आलं. सुनंदाला म्हणालो तर ती म्हणाली, "मग सरळ विचारा ना तिला. खाणार आहे का ती तुम्हाला?"

मी विचारलं नाही. मी सॉफ्टवेअर विकत घेतलं.

ते 'मुलांच्या सुरक्षिततेसाठी' म्हणून विकतात. एकदा बसवलं की स्क्रीनवर काही दिसत नाही. त्या लॅपटॉपवर जे बटण दाबलं जाईल ते टिपून ठेवायचं आणि रोज संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी सगळं आपल्या मेलवर पाठवायचं. लिहून पुसलेले शब्दसुद्धा चौकटी कंसात यायचे. तळाला एकूण बटणं किती दाबली तो आकडा. खरं सांगतो, तो आकडा बघून मला बरं वाटलं होतं. काम नीट करणारं सॉफ्टवेअर आहे म्हणून.

लॅपटॉपचा पासवर्ड मला ठाऊक होता. गेल्या वर्षी माझं इन्कम टॅक्स रिटर्न तिनेच भरलं, तेव्हा म्हणाली होती, "लिहून ठेवा पप्पा. तुमच्यापासून काय लपवायचंय." मी डायरीत लिहून ठेवला होता. बसवायला अकरा मिनिटं लागली.

मग रोज सहा दहाला मेल. मी साडेचारला सुटतो, सव्वापाचपर्यंत घरी. चहा घेऊन गॅलरीत बसायचो आणि मेल वाचायचो. एक वही केली होती — तारीख, बटणांचा आकडा, शेरा. ऋतुजा मराठी लिहायची ते इंग्रजी अक्षरांत, हल्लीची मुलं लिहितात तसं. त्यामुळे वाचायला वेळ लागायचा. बहुतेक सगळं क्लासचंच असायचं. आणि एक गोष्ट — त्यात फक्त तिचं बोलणं यायचं. समोरचा कोण, तो काय म्हणाला, ते यायचं नाही. एकाच बाजूच्या सहीचं व्हाउचर मी एकतीस वर्षांत कधी पास केलेलं नाही. इथे केलं.

१४ जूनच्या मेलमध्ये असं होतं: १८ ला सकाळी सहाची पुण्याची बस. घरी अजून काही सांगितलं नाही. एकदा झालं की सांगीन, मग काही करू शकणार नाहीत. रात्री तुझ्याकडेच राहीन.

ते मी सात वेळा वाचलं. चार दिवसांत कारखान्यात माझ्याकडून मालाच्या मागणीचे दोन इंडेंट चुकीचे गेले. १७ तारखेला जेवताना ऋतुजा म्हणाली, "उद्या मी नेहाकडे जाणारे पुण्याला, परवा येईन." मी मान हलवली.

१८ तारखेला पहाटे पाच वाजता मी पलंगावर उठून बसलो आणि छाती धरली.

काहीही दुखत नव्हतं. हे वाक्य लिहायला मला तीन दिवस लागलेत. काहीही दुखत नव्हतं.

सुनंदा घाबरली. ऋतुजा पाठीला सॅक लावून तयार होती, तिने सॅक तिथेच टाकली. रिक्षा तिनेच आणली. दवाखान्यात कार्डिओग्राम काढला, मग टूडी एको, रक्त घेतलं. डॉक्टर म्हणाले, सगळं नॉर्मल आहे, गॅस असेल, पण संध्याकाळपर्यंत थांबा. दिवसभर ऋतुजा माझा हात धरून बसली होती. तिचा फोन दोनदा वाजला, तिने बंद करून ठेवला. बिल झालं चार हजार आठशे साठ. सुनंदाने तिच्या भिशीच्या पैशांतून भरलं. माझं पाकीट घरी राहिलं होतं.

दुपारी सायखेड्याहून मोटरसायकलवर दादा आले. सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "लय भ्या दाखवलं राव तू. आन् निघालं काय, तर गॅस. एवढी वांगी कशाला खातो मग?" सगळे हसले. मीही हसलो.

चार दिवसांनी, २२ तारखेच्या मेलमध्ये ऋतुजा नेहाला लिहीत होती. तेव्हा मला कळलं की समोरचं माणूस म्हणजे खरोखरच नेहा, तिची कॉलेजची मैत्रीण. १८ तारखेला पुण्याच्या एका बियाणे संशोधन संस्थेत तिचा इंटरव्ह्यू होता. दोन वर्षांची जागा. मी एकटीला बाहेर राहू देणार नाही म्हणून निवड झाल्यावरच ती घरी सांगणार होती. लिहिलं होतं: त्यांना पप्पांचं कळवलं. जुलैमध्ये परत एकदा बोलावतील म्हणाले. पण मी आता नाशिक सोडत नाही गं. पप्पांना काही झालं तर मम्मी एकटी काय करणार.

त्या दिवसापासून माझं खोटं की तिची ही जागा, एवढाच प्रश्न होता. तिला मी खरं सांगितलं तर ती जाईल. नाही सांगितलं तर माझ्या न दुखणाऱ्या छातीसाठी ती इथेच क्लास घेत राहील. मी ठरवलं काय, तर आधी ते सॉफ्टवेअर काढून टाकायचं. पुरावा गेला की बाकीचं बघू. असा मी विचार केला, तो जसा केला तसाच लिहितोय.

ते निघेना.

ती क्लासला गेल्यावर मी लॅपटॉप उघडला. प्रोग्रॅमच्या यादीत त्याचं नावच नाही. कंपनीने दिलेलं काढायचं साधन चालवलं तर त्याने पासवर्ड मागितला. मी बसवताना घातलेला पासवर्ड डायरीतून बघून टाकला — चुकीचा. पाच वेळा चुकीचा. कंपनीला मेल केली, उत्तर आलं की या नावाने आमच्याकडे ग्राहकच नाही. पैसे कापल्याचा मेसेज माझ्या मोबाइलवर आजही आहे. त्या संध्याकाळी सहा दहाला मेल आली.

२६ जूनला मी ऋतुजाला म्हणालो, "लॅपटॉप फार हळू चालतोय तुझा, दाखवून आणतो." ती म्हणाली, "थँक्यू पप्पा. पण तुम्ही दगदग करू नका."

सातपूरला आमच्या कारखान्याजवळ भालेराव ताईंचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. पन्नाशीच्या बाई, वीस वर्षं हेच करतात, बोलायला तिखट. त्यांनी अर्धा तास बघितलं आणि चष्मा कपाळावर चढवला.

"साहेब, हा व्हायरस नाही. हे आपोआप येत नसतं. कुणीतरी पैसे भरून बसवावं लागतं."

"असेल कुणी मित्रमैत्रिणीने..."

"मशीन कुणाचं?"

"मुलीचं."

"आणि काढायला तुम्ही आलात." त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "तिला माहितीये?"

"तिला उगाच टेन्शन नको म्हणून—"

"हो ना. बाप लोक फार कनवाळू असतात. पाचशे होतील. तिच्या फाइली पेनड्राइव्हवर काढून देते, बाकी सगळं पुसते."

त्यांनी पुसलं. दुसऱ्या दिवशी सहा दहाला मेल आली.

२९ तारखेला परत गेलो. ताईंना राग आला, माझा नाही, मशीनचा. "फॉरमॅट मारल्यावर भाडेकरू राहत नसतो घरात," त्या म्हणाल्या. "थांबा, पायाच उखडते." नवीन डिस्क टाकली, एकोणीसशे पन्नास. जुनी डिस्क माझ्यासमोर फरशीवर ठेवून हातोडीने फोडली. तुकडे मी पिशवीत घालून घरी आणले. नव्या डिस्कवर तिच्या फाइलीसुद्धा टाकल्या नाहीत. संध्याकाळी मेल आली.

ताई फोनवर म्हणाल्या, "काय मजकूर आहे? जुना की नवा?" मी वहीशी ताडून बघितलं. २७ पासूनच्या सगळ्या मेलचा मजकूर जूनच्या पहिल्या आठवड्यातला, शब्दन् शब्द तोच. "मग त्यांच्याकडे साचलेलं असेल ते येतंय," त्या म्हणाल्या. "संपेल आपोआप." हे मला पटलं. त्या रात्री मी पोटभर जेवलो.

तरी लॅपटॉप मी तिला परत दिला नाही. "पार्ट यायचाय" म्हणालो. बॅटरी काढली आणि दोन्ही वस्तू माझ्या लोखंडी कपाटात ठेवल्या. किल्ली माझ्या जानव्याला नसली तरी कमरेच्या करदोट्याला असते, आंघोळीतसुद्धा.

आता सुनंदाचं सांगायचं राहिलं. १८ तारखेला, मला आत नेल्यावर, तिने देवीला नवस बोलला होता — यांचं सगळं नीट निघालं तर सप्तशृंगी गडावर पायऱ्यांनी चढून येईन. गुडघ्यांमुळे तिला आमच्या दुसऱ्या मजल्याचे जिने होत नाहीत. ७ जुलैला आम्ही तिघं गेलो. मी म्हणालो, मीही पायऱ्यांनी येतो. ती म्हणाली, "खुळे झालात का? तुमच्यासाठी बोललेय ना मी. तुम्ही ट्रॉलीने जा." ऋतुजा तिला धरून चढली. मी ट्रॉलीत बसलो. काही मिनिटांत वर पोचलो आणि दीड तास दोघींची वाट बघत बसलो. सुनंदा आली तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला होता, आणि ती माझ्याकडे बघून हसली.

दुसऱ्या दिवशी, ८ जुलैला सहा दहाला मेल आली. ती अशी होती:

मम्मीचे गुडघे सुजलेत. रात्री मी मोहरीचं तेल चोळून दिलं. म्हणते, काही नाही गं, तुझे पप्पा आहेत ना नीट. [मला राग येतो] मला रडू येतं. परत कॉल आला तर नाही म्हणायचं ठरवलंय.

चार ओळी. त्याखाली नेहमीप्रमाणे आकडा. एकूण दाबलेली बटणं: शून्य.

मी लगेच उठलो आणि कपाट उघडलं. लॅपटॉप होता, बॅटरी शेजारी वेगळी, दोन्हींवर आठवड्याची धूळ. मग परत मेल बघितली तेव्हा दुसरी गोष्ट लक्षात आली. आजवरच्या सगळ्या मेल इंग्रजी अक्षरांत होत्या. ही देवनागरीत होती.

९ तारखेला जेवणाच्या सुट्टीत मी भालेराव ताईंना फोन दाखवला. त्यांनी वाचलं, तारीख बघितली, तळाचा शून्य बघितला.

"लॅपटॉप कुठाय?"

"कपाटात. बॅटरी काढलीये."

"मोबाइलवर लिहीत असेल ती."

"असेल. पण तिचा मोबाइल मी कधी हातात घेतलेला नाही."

त्यांनी फोन मला परत दिला, जरा घाईनेच. "साहेब, मी मशीन दुरुस्त करते. हे मशीनमध्ये नाहीये."

"मग कुठेय?"

"ते तुमच्या घरात बघा. आणि मला हे परत दाखवू नका, मलाही मुलगी आहे." मी खिशात हात घातला तर म्हणाल्या, "पैसे ठेवा."

१० तारखेला सकाळी मी ऋतुजाला सहज विचारल्यासारखं विचारलं, "लॅपटॉप नाही तर तुझं अडत असेल. कशावर लिहितेस?"

"वहीत," ती म्हणाली. "आणि मला ते बरं वाटतंय. वहीत लिहिलेलं कुठे जात नाही."

त्या संध्याकाळी दोघी घरात नसताना मी तिच्या खोलीत गेलो. स्टोअर्सच्या माणसाला शंका आली की तो प्रत्यक्ष मोजणी करतो. तिची कापडी बॅग खुर्चीला लटकलेली होती आणि त्यातून वहीचा निळा पुठ्ठा दिसत होता. मी बॅगेला हात लावला. मग सुनंदा भाजी घेऊन आली, दारातून तिने मला बघितलं आणि म्हणाली, "काय शोधताय?" मी म्हणालो, "पेन." वही मी उघडली नाही. यापुढे माझं काहीच खरं मानलं नाहीत तरी चालेल, पण वही मी उघडली नाही.

११ जुलैची मेल: पुण्याहून परत कॉल आला. उद्या दुपारी बारापर्यंत कळवायचंय. [पप्पांना विचारावं का] नको. ते जा म्हणतील आणि आतल्या आत झुरतील. सकाळी नाही म्हणून कळवते. संपलं.

बटणं शून्य.

सुनंदा जमिनीवर पेपर पसरून मेथी निवडत होती. सव्वासातला ऋतुजा आली, चप्पल काढताकाढता म्हणाली, "पप्पा, गोळी घेतली का गॅसची?" आणि मला पुढे गप्प बसवेना.

मी सगळं सांगितलं. वरती लिहिलंय त्याच क्रमाने, तारखांसकट, कारण मला तेवढंच येतं.

पहिली सुनंदा बोलली. "म्हणजे त्या दिवशी दुखत नव्हतं?"

"नाही."

"थोडंसुद्धा?"

"काहीच नाही."

तिने हातातली जुडी खाली ठेवली. "मी पायऱ्या चढले हो," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. मग परत मेथी निवडायला लागली आणि काड्या भाजीत, पानं कचऱ्यात टाकायला लागली.

ऋतुजाने माझा फोन मागितला. शेवटच्या चार मेल वाचल्या. आत गेली, घरीच राहिलेली निळी वही घेऊन आली आणि ताडून बघायला लागली. मीही शेजारून बघितलं. शब्दन् शब्द तेच. मेलमध्ये चौकटी कंसात जे होतं ते वहीत एक रेघ मारून खोडलेलं होतं. 'मला राग येतो' — रेघ. 'पप्पांना विचारावं का' — रेघ.

"वही वाचलीत तुम्ही," ती म्हणाली.

"नाही. हे बघ, मेल आलीये. वेळ बघ. कुणी पाठवलीये बघ."

"पाठवता येतं असं. मला नाही येत, पण तुम्ही शिकला असाल. एवढं शिकलात."

"ऋतू, शपथेवर सांगतो—"

"पप्पा, दवाखान्यात डॉक्टरांना पण तुम्ही शपथेवरच सांगत होता, इथे दुखतंय म्हणून."

खाली बघत सुनंदा म्हणाली, "काल तुम्ही तिच्या बॅगेपाशी उभे होता."

हिशोब त्यांच्या बाजूने चोख जमत होता. वही दिवसा घरी असते, मी सव्वापाचला येतो, मेल सहा दहाला. मध्ये पंचावन्न मिनिटं. मी त्यांच्या जागी असतो तर मीही हीच एंट्री पास केली असती.

१२ तारखेला सकाळी दहाला ऋतुजाने पुण्याला फोन केला आणि येते म्हणून सांगितलं. बाहेर येऊन मला म्हणाली, "१५ ला जाणारे. छातीत दुखलं तर मम्मीला सांगा, मला नका सांगू." मी हो म्हणालो.

१५ तारखेला ती सहाच्या बसने गेली. स्टँडवर सोडायला मी गेलो होतो. ती नको म्हणाली नाही. निळी वही तिच्या मांडीवर होती, बस सुटताना मी खिडकीतून बघितली. वही पुण्यात, मी नाशकात, मध्ये दोनशे किलोमीटर.

संध्याकाळी सहा दहाला फोन वाजला. मेल.

तुम्हाला कळलं असेल त्याचा अर्थ काय होता. त्या दिवशी तिने वहीत काही लिहिलं असेल तर ते त्या मेलमध्ये असणार होतं, आणि मी वही उघडल्याशिवाय. एकदा उघडून तिला वाचून दाखवली की मी निर्दोष ठरणार होतो. निदान तेवढ्यापुरता. माझ्याकडे तो एकच पुरावा आला होता.

सुनंदा समोर बसली होती, गुडघ्यांवर गरम पिशवी ठेवून. तिला म्हणालो, "आलीये."

"मग?"

"वाचली तर मी खरा ठरतो."

तिने गुडघ्यावरची पिशवी सरकवली. "आणि ती?"

मी न उघडता मेल पुसली. पुसलेल्या मेलची पेटी असते, तिथूनही काढली. त्यानंतर आजपर्यंत सहा दहाला मेल आलेली नाही. लॅपटॉप ऋतुजा वापरते, त्यात काहीही निघालं नाही. भालेराव ताईंना विचारलं तर म्हणाल्या, "बंद झालं ना? मग का ते विचारू नका." शून्य बटणांत चार ओळी कशा येतात, पेनाने मारलेली रेघ मेलमध्ये कशी पोचते, याचं उत्तर माझ्याकडे नाही. ऋतुजाकडे आहे — मी वही वाचली. ते चुकीचं आहे, पण ते तिला मीच शिकवलंय. १५ तारखेच्या मेलबद्दल मी तिला सांगितलंच नाही. सांगून काय, पुसलेला पुरावा कुणीही सांगेल.

तिची निवड झाली. १ ऑगस्टला रुजू व्हायचं होतं. ३१ जुलैला सामान बांधून झाल्यावर ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"ते सॉफ्टवेअर केवढ्याला घेतलं होतं?"

"दोन हजार तीनशे नव्याण्णव."

"किती दिवसांसाठी?"

"एक वर्ष."

"तेवढे मला द्या," ती म्हणाली. "वर्षभर मी सांगीन. मला सांगावंसं वाटेल तेव्हा, आणि तेवढंच. जास्त मागायचं नाही. दुसरीकडून काढायचं नाही."

मी कपाट उघडलं. आज त्याला अठ्ठेचाळीस दिवस झाले. तिचे एकोणीस फोन आले. त्यातले अकरा सुनंदाला, आठ मला. दवाखान्याचे चार हजार आठशे साठ सुनंदाला द्यायला गेलो होतो, तिने घेतले नाहीत. पायऱ्यांचे किती लावणार, असं विचारलं. ते बाकी आहेत.

दिलेली रक्कम: दोन हजार चारशे, रोख. घेणार: ऋतुजा. तिने नोटा मोजल्या, पर्समध्ये शोधून एक रुपया काढला आणि माझ्या हातावर ठेवला.